पेशंटला हाक काय मारायची? काका, मावशी, पाटील की सात नंबर?

रात्रपाळी (ठाणे)

गेल्या मंगळवारची सकाळ. साडेसात वाजले होते, नाश्त्याची गाडी वॉर्डाच्या दारात आली होती आणि मी त्याआधीची इन्शुलिनं उरकत होते. "पाटील काका, इन्शुलिन," म्हटलं. काकांनी लगेच शर्ट वर केला. मी पोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला, सुईचं टोपण काढलं, तेवढ्यात पलीकडच्या कॉटवरून आवाज आला, "अहो सिस्टर, साखर मला आहे. त्यांना नाही."

त्या दिवशी वॉर्डात तीन पाटील होते. ठाण्यात राहणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. दिवा, खारेगाव, बाळकूम, खाडीपलीकडे ऐरोली, घणसोली, सगळीकडे पाटील, म्हात्रे, भोईर. शर्ट वर केलेले काका न्यूमोनियाचे होते. "काका, तुम्ही का नाही बोललात?" विचारलं तर म्हणाले, "तुम्ही पाटील म्हणालात. मी पाटीलच आहे."

मनगटावरचा बँड वाचायला हवा होता, मी वाचला नाही. चूक माझी. इंचार्ज सिस्टरना लगेच सांगितली आणि लिहूनही दिली. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एकोणीस वर्षं नर्सिंग केलं, आणि माणसाला हाक काय मारायची याचा मी कधी विचारच केला नव्हता.

आम्ही काय काय म्हणतो ते लिहिते. समोर काका, बाबा, आजी, मावशी, ताई, दादा. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला ओव्हर, म्हणजे वॉर्डाची माहिती, देताना 'सात नंबर', 'बारा नंबरचं सलाईन संपत आलंय'. डॉक्टरांच्या राउंडला 'कालचं हर्निया', 'पॅरालिसिसवाल्या आजी'. पोलीस केस असेल तर माणूस नुसता 'एमएलसी'. रेल्वे रुळांवरून आणलेला आणि ओळख न पटलेला असेल तर 'अननोन'.

शिवाय हॉस्पिटलात 'मावशी' आणि 'मामा' हे शब्द आधीच दिलेले आहेत. मावशी म्हणजे आयाबाई, मामा म्हणजे वॉर्डबॉय. मी पेशंटला "मावशी, जरा उठा" म्हणते तेव्हा आमच्या खऱ्या मावशी दारातून "आले" म्हणतात.

मध्यंतरी एक बाई दाखल होत्या. वय बासष्ट, लग्न केलेलं नाही, सरकारी नोकरीतून निवृत्त. चार दिवस आम्ही सगळ्या त्यांना आजी म्हणत होतो. घरी जाताना पिशवी भरता भरता त्या शांतपणे म्हणाल्या, "चार दिवसांत माझं नाव फक्त बिलाच्या खिडकीत ऐकलं." आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

तुमच्यापैकी जे कधी दाखल झाले असतील त्यांनी सांगा, तुम्हाला कशी हाक मारलेली आवडली असती? आणि नर्सिंगमधल्या मैत्रिणींनो, भावांनो, तुमच्या वॉर्डात काय चालतं?

कोपरीकर

माझ्या वडिलांना सगळे 'बाबा' म्हणायचे. शब्दाबद्दल काही तक्रार नाही. पण "बाबा, हात सरळ कर", "बाबा, गप झोप". नातं बाबाचं आणि क्रियापद पोराचं. वडिलांनी पस्तीस वर्षं रेल्वेत नोकरी केली, घरी त्यांना कुणी अरेतुरे केलेलं नाही. ते काही बोलायचे नाहीत, नुसते भिंतीकडे तोंड करायचे. हाक काहीही मारा, पुढे 'करा' म्हणा एवढंच मागणं.

निवृत्त_शिक्षिका

मी एकाहत्तर वर्षांची. नवी मुंबईतच खुब्याच्या ऑपरेशनसाठी नऊ दिवस होते, म्हणून हक्काने लिहिते.

'आजी' म्हटलेलं मला चाललं. माझे केस पांढरे आहेत आणि नातीही आहेत. जे चाललं नाही ते वेगळं. माझ्यासमोर उभं राहून माझ्या सुनेला विचारायचं, "आजी जेवली का? आजीला शी झाली का?" मी तिथेच आहे, शुद्धीत आहे, ऐकू येतं. खुबा मोडलाय, जीभ नाही. सून बिचारी माझ्याकडे बघायची आणि मग मीच उत्तर द्यायचे.

आणि दुसरं ते 'आपण'. "आपण आता अंघोळ करूया हं", "आपण गोळी घेऊया". बालवाडीत मी हेच बोलत असे, म्हणून मला त्याचा सूर नेमका कळतो. तीन वर्षांच्या मुलाला धीर यावा म्हणून ते असतं. मी एकदा त्या मुलीला म्हटलं, "बाळा, गोळी मी एकटी घेणार आहे, तू मला 'घ्या' म्हण." ती लाजली, पण त्या दिवसापासून 'घ्या' म्हणू लागली. फार गुणी मुलगी होती. तिचं नाव मला आजही आठवतं, कारण मी विचारलं होतं.

खाडीकाठ

मी आगरी. वर पाटलांचा विषय निघालाय म्हणून लिहितो.

आमच्याकडे 'तू' म्हणजे अपमान नाही. माझी आय अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ती डॉक्टरलाही 'तू' म्हणते आणि देवालाही. तिला कुणी "आपण बसा" म्हटलं तर ती मागे वळून बघते, कुणाशी बोलतायत म्हणून. तिच्या नर्सने तिला पहिल्या दिवशी "आय, कसं वाटतं गो?" विचारलं आणि आयने तिथल्या तिथे तिला पोरगी मानलं. हातात सुई टोचून घेताना दुसऱ्या कुणाला हात देत नव्हती.

म्हणून कोपरीकरांचं पटतं, पण सगळ्यांना एकच माप लावू नका. माझ्या आयला 'श्रीमती पाटील' म्हटलं तर तिला ती शिक्षा वाटेल.

ब्रदर_घणसोली

रात्रपाळी ताई, तुम्ही चूक लिहून दिलीत त्याबद्दल आधी नमस्कार. बरेच जण दाबून टाकतात.

आता कामाचं. ओळख पटवणं आणि हाक मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्या एकात मिसळतो. ओळख पटवायला कुठल्याही मानांकन घेतलेल्या रुग्णालयात दोन खुणा लागतात, बहुतेक ठिकाणी पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. बेड नंबर त्यात धरत नाहीत, कारण माणूस बेड बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय काढले, त्यातही रुग्णाची अचूक ओळख आहे.

आणि विचारायची पद्धत. "तुम्ही पाटील ना?" असं कधीच विचारायचं नाही. आजारी माणूस, कमी ऐकू येणारा माणूस, डॉक्टर-नर्सला घाबरणारा माणूस 'हो'च म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं आणि ते बँडशी ताडून बघायचं. मग नंतर काका म्हणा नाहीतर आणखी काही. मी औषधाच्या ट्रेला हात लावण्याआधी हे विचारतो. रोज विचारतो म्हणून काही जण वैतागतात. त्यांना सांगतो, "काका, मी तुम्हाला विसरलो नाही, मी माझ्यावर विश्वास ठेवत नाही."

शब्दवेडा

शब्दांचा नाद आहे म्हणून थोडं मागे जातो.

इंग्रजीतला 'पेशंट' लॅटिनमधून आला, मूळ अर्थ सोसणारा. आपला 'रुग्ण' रुज् धातूपासून. रुज् म्हणजे मोडणे, दुखावणे, म्हणून रुग्ण म्हणजे मोडलेला. रोगही त्याच धातूचा. जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत आणखी एक शब्द आहे, 'आतुर'. आज आपण तो उत्सुक या अर्थी वापरतो, पण तिथे आतुर म्हणजे आजाराने व्याकूळ झालेला माणूस. कॉटवर पडून राउंडची वाट बघितलेल्या कुणालाही हे दोन्ही अर्थ एकच वाटतील.

चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा, आजची नर्स. त्याचे चार गुण दिलेत. शुश्रूषेचं ज्ञान, दक्षता, स्वच्छता, आणि ज्याची सेवा करतो त्याच्याविषयी अनुराग. अनुराग हा गुण औषधाच्या ज्ञानाच्या रांगेत बसवलाय, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणि 'शुश्रूषा' हा शब्द बघा. श्रु म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातून पुढे आला. त्या बासष्ट वर्षांच्या बाईंच्या बाबतीत चार दिवस औषध, सलाईन, ड्रेसिंग सगळं वेळेवर झालं असणार. जे राहिलं ते या शब्दाच्या मुळातलं.

नेरूळची_ट्यूटर

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. आमच्या पुस्तकांत गेली कित्येक वर्षं 'क्लायंट' शब्द आहे, मुली परीक्षेत तोच लिहितात आणि वॉर्डात गेल्या की एकीच्याही तोंडात तो येत नाही. का येत नाही हे मी त्यांना विचारते. एकीने छान उत्तर दिलं होतं. "मॅडम, क्लायंट म्हणजे वकिलाचा अशील. त्याला दुसरा वकील करता येतो. रात्री दोन वाजता दम लागलेल्या माणसाला दुसरी नर्स कुठून मिळणार?"

'क्लायंट'च्या मागचा हेतू मात्र चांगला होता. मानसोपचारात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर तो मुद्दाम वापरला. समोरचा माणूस निमूट सोसणारा नाही, स्वतःच्या निर्णयात त्याचा वाटा आहे, हे ठसवायला. आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, म्हणजे कायद्याने रुग्ण ग्राहकही झाला. दाद मागायला तो शब्द उपयोगी आहेच. पण बेडपॅन देताना ग्राहक कुठे असतो?

आजींनी 'आपण अंघोळ करूया'बद्दल लिहिलं ते मी उद्याच वर्गात वाचून दाखवणार आहे. त्या बोलण्यावर अभ्यास झालाय. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या परिचर्या संशोधकांनी २००९ साली स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या देखभालीची चित्रफीत तपासली. लहान बाळाशी बोलावं तसं बोललं की ते लोक जास्त प्रतिकार करत, हात झटकत, नको म्हणत. आपण त्याला 'पेशंट कोऑपरेट करत नाही' असं लिहून मोकळे होतो.

आणखी एक सांगते. ब्रिटनमध्ये केट ग्रेंजर नावाच्या वृद्धचिकित्सेच्या डॉक्टर होत्या. त्यांना कॅन्सर झाला. २०१३ साली स्वतः दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं की उपचार करणारे किती तरी जण स्वतःचं नावच सांगत नाहीत. 'नमस्कार, माझं नाव अमुक' एवढ्या एका वाक्याची मोहीम त्यांनी सुरू केली आणि ती जगभर पसरली. २०१६ साली त्या गेल्या. म्हणजे प्रश्न दोन्ही बाजूंचा आहे. आपणही वॉर्डात 'सिस्टर' असतो. आपल्यालाही नाव नसतं.

स्पष्टच_लिहितो

सगळं वाचलं. भावना समजते. पण नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी, शिक्षण रुग्णालयात तिनांमागे एक. माझी बायको रात्री अडतीस रुग्णांना दोघींनी सांभाळते. घरी येते तेव्हा तिला माझी हाक ऐकू येत नाही इतकी थकलेली असते. आधी माणसं भरा, मग नावं विचारा. हे ओझंही तिच्याच डोक्यावर घालू नका.

रात्रपाळी (ठाणे)

@स्पष्टच_लिहितो, तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा. तुम्ही म्हणता त्यातला शब्द न शब्द खरा आहे, मीही तशीच घरी येते. भरती झालीच पाहिजे, त्यासाठी आम्ही काळ्या फिती लावून उभ्या राहिलोय.

तरी एक सांगते. नाव आम्ही रोज लिहितोच. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर, औषधाच्या कागदावर, ओव्हरच्या वहीत, इंटेक-आउटपुटवर. एका पाळीत एका माणसाचं नाव सात-आठ वेळा माझ्या पेनातून उतरतं आणि तोंडातून एकदाही निघत नाही. 'सात नंबर' म्हणायला लागतो तेवढाच श्वास 'भोईर काका' म्हणायला लागतो. मला वाटतं आपण दमलो म्हणून नंबर म्हणत नाही. दाखल झाल्या क्षणी विचारायचं राहतं, मग दुसऱ्या दिवशी विचारायला संकोच वाटतो, आणि तिसऱ्या दिवशी तो सात नंबर झालेला असतो.

कोट्टयमहून_वाशीला

नमस्कार. माझी मातृभाषा मल्याळम. चौदा वर्षं इकडे नोकरी करते, मराठी वॉर्डातच शिकले. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या भाषेत मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणणंसुद्धा उद्धट वाटतं. सर्वनाम वापरतच नाही, नातंच लावतो. "चेट्टन जेवलात?" म्हणजे मोठा भाऊ जेवला का. "अम्मच्ची झोपल्या?" इकडे आल्यावर मी हिंदी बोलायचे, आमच्या मुलींचं हिंदी तुम्हाला माहीत आहे, "तुम दवाई खाया क्या?" एका आजोबांनी पाणी फेकलं होतं. मला कळेचना काय झालं. आमच्या वॉर्डातल्या मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, 'खाल्लं का' नाही, 'घेतली का तुम्ही' म्हण." पहिलं मराठी वाक्य मी ते शिकले.

वर आजींनी 'आजी जेवली का' बद्दल लिहिलं. मी अजूनही तसं बोलते, कारण माझ्या भाषेत तोच मान आहे. आता मला समजलं की मराठीत ते ऐकायला वेगळं लागतं. सोमवारपासून बदलणार. कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

निवृत्त_शिक्षिका

@कोट्टयमहून_वाशीला, अगं बाळा, तुझं पत्र वाचून माझाच जीव कळवळला. मला ही बाजू माहीतच नव्हती. माझ्याकडे येणारी मुलगीही केरळची होती. आज कळलं की ती मला मान देत होती.

डॉट्सवाली

थोडं उलट लिहिते. मी क्षयरोग कार्यक्रमात आहे, नवी मुंबईत. आमच्याकडे नाव मोठ्याने पुकारणं हाच त्रास आहे. तुर्भ्याच्या वस्तीत राहणारी मुलगी लग्नाची असते. रांगेत तिचं नाव घेतलं आणि शेजारच्या बाईने ऐकलं की संपलं. तिथे मी टोकन नंबरच पुकारते, आणि टेबलाशी आल्यावर हळू आवाजात नावाने बोलते. नंबर नेहमीच अपमान नसतो, कधी तो पदर असतो.

आमचा मोठा शब्द वेगळा होता. औषध मध्येच सुटलं की रजिस्टरमध्ये 'डिफॉल्टर'. कर्ज बुडवणाऱ्याला म्हणतात तो शब्द. मराठीत आम्ही 'पळालेला पेशंट' म्हणायचो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये व्याख्या बदलल्या, आता 'पाठपुराव्यातून सुटलेला' अशा अर्थाचा शब्द आहे. मी सुरुवातीला म्हटलं, कागदावरचा शब्द बदलून काय होणार? मग एका हॉटेल कामगाराच्या खोलीवर गेले. त्याची पाळी सकाळी सहाला सुरू व्हायची, आमचं केंद्र नऊला उघडायचं. तो पळाला नव्हता. त्याच्यापर्यंत पोचायचं राहिलं होतं ते आमचं. जुन्या शब्दाने मी हे विचारायला गेलेच नसते, चिडून गेले असते.

फक्त_वाचते

इथे पहिल्यांदाच लिहितेय. केसपेपरवर माझं जुनं नाव आहे, आधार बदलायचं काम चालू होतं तेव्हाचं. ओपीडीत ते पुकारलं गेलं आणि मी साडीत उठून उभी राहिले. सगळा हॉल बघत होता. मी तशीच घरी आले, तापात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आम्हा ट्रान्सजेंडर लोकांना स्वतःची ओळख ठरवायचा अधिकार दिला, २०१९ मध्ये कायदाही झाला. हे पुकारणाऱ्याला कदाचित माहीत नसेल. पण दुसऱ्या वेळी गेले तेव्हा एका सिस्टरने केसपेपर बघितला, मला बघितलं, आणि जवळ येऊन विचारलं, "तुम्हाला काय म्हणू?" मी नाव सांगितलं. तिने पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिलं. बस. पुढचे सहा महिने उपचार तिथेच घेतले.

वागळे_इस्टेट

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात परिचारिका आहे. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि महाराष्ट्रभर 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य लोक सहज बोलतात. ठाण्यात जन्मलेल्या माणसाला ते दर वेळी टोचतं, आणि तिथे ज्यांचं कुणी आहे त्यांना किती टोचत असेल.

आमचे शब्द कायद्यानेच बदलत आले. १९१२ च्या कायद्यात 'ल्युनॅटिक', सरळ वेडा. १९८७ च्या कायद्यात 'मनोरुग्ण व्यक्ती' या अर्थाचा शब्द. २०१७ च्या कायद्यात माणूस आधी आला आणि आजार नंतर, 'मानसिक आजार असलेली व्यक्ती'. शंभर वर्षं लागली शब्दांची जागा बदलायला.

एका जुन्या नोकरीत एक बाई होत्या, सगळे त्यांना 'राणी' म्हणायचे. त्या कुणाकडेच बघायच्या नाहीत. मी फाइल काढली, खरं नाव वेगळंच होतं. त्या नावाने हाक मारली तर त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "माझी आई असं म्हणायची." पुढे त्या फारशा बोलल्या नाहीत, बऱ्याही झाल्या नाहीत. पण त्या नावाला ओ द्यायच्या.

काचपेटी

नवजात अतिदक्षता विभागात आहे. आमच्या पेशंटना नावच नसतं. पायातल्या टॅगवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. जुळी असली तर एक आणि दोन. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं, पण आठशे ग्रॅमचं बाळ तेव्हा काचपेटीत असतं. घरी पाळणा नाही, गाणी नाहीत.

एका आईने बाराव्या दिवशी विचारलं, "सिस्टर, नाव ठेवू का?" आम्ही तिला हात धुवायला लावले, गाऊन घातला. तिने काचपेटीच्या गोल खिडकीतून बोट आत घातलं, बाळाने ते धरलं. कानाशी तोंड नेता येत नव्हतं, म्हणून तिने खिडकीशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या हवी ना. तुम्ही करा." मी केलं. टॅगवर तेव्हाही 'बेबी ऑफ'च राहिलं, नियमच आहे, पण त्या रात्रीपासून ओव्हरमध्ये आम्ही बाळाला नावाने घ्यायला लागलो.

ब्रदर_घणसोली

काचपेटी, तुमचं वाचून दुसऱ्या टोकाचं लिहावंसं वाटलं.

माणूस गेला की त्या क्षणी तो 'बॉडी' होतो. पहाटे चार-दहाला एक आजोबा गेले. मी मामांना हाक मारली, "मामा, बॉडी खाली न्यायची आहे." मागे त्यांचा मुलगा उभा होता, चहा घेऊन वर आला होता. त्याच्या हातातला कप तिरका झाला, चहा फरशीवर सांडत राहिला आणि त्याला कळलं नाही. दहा मिनिटांपूर्वी मीच त्या माणसाला आजोबा म्हणत होतो.

त्यानंतर मी तो शब्द वॉर्डात वापरत नाही. नळ्या काढताना, अंग पुसताना, हनुवटीला पट्टी बांधताना मी अजून बोलतो. "आजोबा, डावीकडे वळवतो हं." मामांनाही आता सवय झाली. तेही विचारतात, "आजोबांना नेऊ का?"

रात्रपाळी (ठाणे)

दोन दिवस ड्यूटी होती, आज सगळं सावकाश वाचलं. काही प्रतिसाद दोनदा वाचले. फक्त_वाचते, त्या पेन्सिलीवरूनच मला सुचलं.

इंचार्ज सिस्टरना विचारून ओव्हरच्या वहीत एक रकाना आखला. वर लिहिलं 'हाक'. दाखल करताना आधी माझं नाव सांगायचं, मग पूर्ण नाव विचारून बँडशी ताडायचं, आणि मग विचारायचं, "तुम्हाला काय म्हणू?" जे सांगतील ते रकान्यात. पाळी बदलली तरी पुढच्या सिस्टरला ते मिळतं. पहिल्या दिवशी दोघी मुली कुरकुरल्या. आज त्यातली एक स्वतःहून आठ नंबरचा रकाना भरून आली.

आजची वही समोर आहे, नावं गाळून लिहिते. कॉट तीन, पाटील: "गुरुजी म्हणा, सगळं गाव म्हणतं." कॉट चार, पाटील: "दिव्याचे." कॉट पाच, भोईर: "काहीही म्हणा, पण जोरात." कॉट सात, एकोणपन्नास वर्षांच्या बाई: "नावाने. नुसत्या नावाने, ताई नको." कॉट आठ, आजी: आधी म्हणाल्या तुमची मर्जी, मग मुलीला परत पाठवून सांगितलं, "माईसाहेब." कॉट नऊचे आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हिने मला कधी नावाने हाक मारली नाही, 'अहो' म्हणायची. ते तुम्ही नाही म्हणू शकणार. काका लिहा."

कॉट अकराला रविवारी रात्री रुळांवरून आणलेला माणूस आहे. वय अंदाजे चाळीस, खिशात काही सापडलं नाही. अजून शुद्ध नाही. कागदावर 'अननोन'च आहे, तो बदलायचा अधिकार माझा नाही. हाकेचा रकाना रिकामा ठेवलाय. आज रात्री मीच आहे, डोळे उघडले तर विचारीन.